नागपूरच्या थंडीत भूत झोलकिया मिरची घरात घ्यायची का? छाटणी किती?

गच्ची_मनीषनगर:
१२ इंची कुंड्यांत भूत झोलकियाची तीन झाडं आहेत, जूनमध्ये पेरलेली. एकाला मिरच्या लागल्या, दोघांची फुलं गळून राहिली आहेत. सोबत भिवापुरी मिरचीचं एक झाड. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ पाहिले तर लोक झाड बुडापर्यंत छाटून चार महिने घरात ठेवतात. आपल्याकडेही तसंच करायचं का? पूर्वेला काचेची बाल्कनी आहे, सकाळी चार तास ऊन येतं. झाडांसाठीचा एलईडी दिवा घ्यावा लागेल का?

झणझणीत_धंतोली:
चार महिने घरात? काहून बाप्पा! तिकडे बर्फ पडतो, माती गोठते, म्हणून ते करतात. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी २७-२८ अंश आणि कोरडं, लख्ख ऊन. मिरचीला याहून चांगलं काय पाहिजे? खोलीत ठेवलं तर उजेड कमी पडतो, शेंडे लांबट होतात आणि आठवड्याभरात मावा (रस शोषणारी बारीक कीड) चढतो.

रात्रीचं गणित असं: १५ च्या खाली फुलं गळतात (तुमचं तेच चाललंय, रोग नाही), १० च्या खाली वाढ थांबते, ५ च्या आसपास कोवळी पानं काळी पडू लागतात. बहुतेक रात्री आपण १० च्या वर राहतो. पण गाफील राहू नका, २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता.

म्हणून कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब सोडते. स्लॅबवर थेट न ठेवता खाली दोन विटा द्या. अंदाज ८ च्या खाली असेल त्या रात्री बाल्कनीत घ्या किंवा काठ्या रोवून जुनी चादर टाका, सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका, आतून पाणी सुटतं आणि टेकलेली पानं करपतात. पाणी सकाळीच द्या. दिव्याचे पैसे वाचवा.

माती_आणि_मिरची:
वरच्या सल्ल्याला दुजोरा. मात्र झाड राखायचं खरं कारण नागपुरात थंडी नाहीच. झोलकिया सावकाश वाढते, बी उगवायलाच दोन ते पाच आठवडे घेते. जूनमध्ये पेरलेलं रोप नोव्हेंबर-डिसेंबरात फुलावर येतं आणि नेमकी तेव्हाच रात्र १५ च्या खाली जाते. दुसऱ्या वर्षीच्या झाडाची मुळं आणि खोड तयार असतं, ते पावसाळ्यातच फुलतं आणि ऑगस्टपासून थंडीपर्यंत तोडा देतं. म्हणजे राखायचं ते पुढच्या पावसाळ्यासाठी.

म्हणून डिसेंबरात जड छाटणी नको. लागलेल्या मिरच्या जानेवारीभर पिकू द्या. छाटणी जानेवारीच्या शेवटी, रात्री पुन्हा १४-१५ वर येऊ लागल्या की. जमिनीपासून २०-२५ सेंमी ठेवायचं, तीन-चार मुख्य फांद्या, प्रत्येकीवर दोन-तीन डोळे (नवी फूट येते त्या जागा). कात्री स्पिरिटने पुसून डोळ्याच्या १ सेंमी वर तिरका काप. नखाने साल खरवडून पाहा: आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली कापा. पेन्सिलीहून जाड कापांना कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची घट्ट पेस्ट लावा, नाहीतर फांदीमर (फांदी वाळत जाण्याचा रोग) वरून खाली उतरते.

त्याच दिवशी मुळांचा गड्डा बाहेर काढून कडेची २-३ सेंमी मुळं कापा. नवं मिश्रण: चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग गांडूळखत, दोन भाग माती, एक भाग जाड रेती, वर ५० ग्रॅम निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती कुंडीत नको, पाणी धरते आणि सुकल्यावर भेगा पडून मुळं तुटतात. यानंतर सगळ्यात जास्त झाडं जातात ती पाण्याने. पानं नाहीत म्हणजे झाड पाणी ओढत नाही. बोट ५ सेंमी खाली घालून कोरडं लागलं तरच ३००-४०० मिली. खत पालवी फुटल्यावरच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा.

गच्ची_मनीषनगर:
धन्यवाद दादा. मिरच्या लागलेल्या झाडाची शेंड्याची पानं वळलेली दिसतात. ते ठेवू का?

पानतपासणी:
आधी नीट पाहा. पानाच्या कडा खाली वळल्या, देठ लांबला, तर कोळी (पानांवरची अगदी बारीक कीड). कडा वर, वाटीसारखी, तर फुलकिडे. पानं बारीक, गुच्छासारखी, पेरं आखूड आणि शिरा पिवळ्या, तर चुरडा-मुरडा. तो विषाणू पांढऱ्या माशीने पसरतो आणि औषधाने जात नाही. छाटल्यावर फूटही तशीच येते. असं झाड राखू नका, पिशवीत बांधून टाका, नाहीतर बाकीची दोनही जातील.

कोळी असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी पानांच्या खालून, आठ दिवसांनी पुन्हा. थंडीत येणारी भुरीही (पानांवरची पांढरी बुरशी) त्यानेच आवरते. तापमान ३२ च्या वर असताना गंधक मारलं तर पानं जळतात. निंबतेल आणि गंधक यांत किमान दोन आठवडे अंतर ठेवा. फुलकिडे आणि माव्याला निंबतेल ५ मिली, त्यात १ मिली पातळ साबण, लिटर पाण्यात. बाल्कनीत घ्यायच्या आधी हे करा, काचेआड कीड दुप्पट वेगाने वाढते.

झणझणीत_धंतोली:
भिवापुरी राखण्याच्या भानगडीत पडू नका ताई. ती बियापासून लवकर येते, दुसऱ्या वर्षी तोडा कमी होतो. पिकलेल्या चार मिरच्या सावलीत वाळवून बी ठेवा. पण झोलकियाचं बी त्याच गच्चीवरचं असेल तर भरवसा नाही, मिरचीत मधमाश्यांमुळे संकर होतो. मूळ झाड राखणं हीच शुद्ध जातीची खात्री.

माती_आणि_मिरची:
आणि हिवाळा काढला म्हणजे झालं असं नाही. नागपुरात खरी परीक्षा मे महिन्यात. एप्रिल लागला की ५० टक्के हिरवी जाळी, कुंडी आणखी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत कोकोपीट, वर दोन इंच वाळलेला पाला. ३५ च्या वर फुलं गळतात, तिथे टॉनिक मारून उपयोग नाही, झाडाला फक्त जगवायचं. कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी मात्र चुकूनही घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात, आणि तेच कुंडीत पांढऱ्या थराने साचून पानांच्या कडा करपतात.