बाहुलीत कापूस नको

ताई, तुमची विणलेली बाहुली फार गोड झालीय! टाक्यांतून आत भरलेला कापूस डोकावतो म्हणालात, तर विणायची सुई बदलून बारीक घेऊन बघा. लोकरीच्या लेबलवर ८ नंबर (४ मिमी) असला तरी बाहुलीला मी ११ नंबरच (३ मिमी) घेते, वीण घट्ट बसते. आणि कापूस नकोच. इथे गोव्यात, फोंड्याला पावसाळ्यात तो दमट होतो, गोळे धरतो, वास मारतो. त्याऐवजी पॉलिस्टर फायबर भरा, ते धुतलं तरी लवकर वाळतं. डोळे दोऱ्याने भरा, लहान मुलं मणी तोंडात घालतात.

मी सध्या चवथीसाठी (गणेश चतुर्थीसाठी) फुगडी घालणारी जोडी विणतेय, लाल-पांढऱ्या चौकडीची कुणबी साडी (गोव्याची पारंपरिक साडी) नेसलेली. आडवे पट्टे विणतानाच घेतले, उभे मागाहून साखळी टाक्याने भरले. चौकडी अगदी खरी वाटतेय! झाली की फोटो टाकते.