वाघेरीची धार: अर्ध्यावरून परतलो, पुन्हा जायचंय

साखळीकर:
मंडळी, गेल्या ऑक्टोबरात मी आणि भाचा (वय १४) गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या केरीच्या बाजूने वाघेरीचा डोंगर चढत होतो. रान संपेपर्यंत ठीक. धारेवर आलो तर गवत माझ्या खांद्याएवढं, म्हणजे पोराच्या डोक्यावरून. काठीने चाचपत निघालो. एके ठिकाणी काठी गवतात शिरली ती शिरतच गेली, खाली जमीनच नाही! वर धुकं उतरलं. भाचा म्हणतो, "मामा, माथा समोरच आहे." मी सरळ त्याची सॅक धरून मागे वळवला. तो अजून फुगलेला आहे. डिसेंबरच्या सुट्टीत पुन्हा नेईन म्हणालोय, पण बहिणीचा विश्वास उडालाय. तोवर गवत बसतं का? पाणी किती घ्यावं? की सरळ सोनसोगोरच करावा?

रानवाट:
सोनसोगोर तूर्त विसरा. ११६६ मीटर, गोव्यातला सगळ्यात उंच माथा, आणि तो म्हादई अभयारण्यात. वनखात्याला विचारल्याशिवाय तिकडे पाऊल टाकायचं नाही. २०२० च्या जानेवारीत त्याच अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, तेव्हापासून सत्तरीत अनोळखी माणूस रानात दिसला की लोक चार प्रश्न जास्तच विचारतात. विचारू देत. वाघेरीलासुद्धा गावातला कोणीतरी सोबत घ्या.

घाटमाथा:
मागे वळलात ते बरं केलंत. धुक्यात जे "समोरच" दिसतं ते बहुतेक टेपाडच असतं. मी तिनदा फसलोय, तिसऱ्यांदा तर माथा गाठल्याचा फोटोसुद्धा काढून घेतला होता.

आता गवत. डिसेंबरात ते वाळून आडवं पडतं, कडा दिसते, पण घात तिथेच आहे. वाळल्या गवतावरून बूट तेल लावल्यासारखा सरकतो. चढताना कळत नाही, उतरताना कळतं. तेव्हा पाऊल आडवं टाकायचं, गवताच्या बुंध्यावर, आणि बुंधा नसेल तर सरळ बसून घसरायचं. पँट फाटते, फाटू दे. भाच्याला खालच्या बाजूला ठेवू नका. तुमच्या पायाखालून सुटलेला दगड त्याच्याकडेच जाणार.

पाणी माणशी तीन लिटर. धारेवर ना सावली ना झरा. खाऊ म्हणून जत्रेतलं खाजें न्या, गूळ-आल्याचं ते, बिस्किटांचा भुगा होतो. कातळाला आग्या मोहोळ दिसलं तर गप्प वाट बदला. अत्तर, डिओ काही लावू नका.

आणि माथा गाठो न गाठो, अकराला मागे. उशीर झाला की ऊन चढतं, पाणी संपतं, आणि पाय थरथरायला लागले की सगळ्यात वाईट उतार समोर येतो.

सत्तरीचो:
घाटमाथा म्हणतात ते खरं. फक्त एक, पहाटे काळोखात निघताना प्रत्येकाकडे आपला टॉर्च असू दे, मोबाईलचा नको.

साखळीकर:
आभार. टॉर्च घेतला. "अकराला मागे" हे भाच्याकडून वहीत लिहून घेतलं. त्याने खाली स्वतःच एक ओळ वाढवलीय: "मामानेसुद्धा." बहिणीने दोघांच्या सह्या घेतल्या आणि वही फ्रिजवर ठेवली.