बडोदे : यांना प्रोस्टेटचा कॅन्सर, वय ७३. ऑपरेशन की शेक? सल्ला हवा

रावपुरा_विभा
नमस्कार. आम्ही दोघंच बडोद्यात असतो, मुलगा परदेशी. यांना रात्री सारखं लघवीला उठावं लागायचं, म्हणून तपासण्या केल्या तर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ७.८ आला. एमआरआयमध्ये गाठ दिसली, मग बायोप्सी. रिपोर्टवर ग्लीसन (गाठीतल्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण) ३+४=७ लिहिलंय. बोन स्कॅनमध्ये काही नाही, आजार प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला दिसत नाही म्हणाले.

सर्जन म्हणतात, रोबोटने काढून टाकू. रेडिएशनच्या डॉक्टरांचं म्हणणं, या वयात ऑपरेशन नको, शेक घ्या. आणि पुण्याचा माझा भाऊ सांगतो, उतारवयात हा आजार गोगलगायीसारखा सरकतो, काहीच करू नका. तिघंही ठाम. यांना शुगर आहे, पूर्वी स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तरी रोज सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारतात. यांना विचारलं तर म्हणतात, "तू ठरव." मी कशी ठरवू? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपा करून लिहा.

निवृत्त_फार्मासिस्ट
विभाताई, बाकी सगळं सोडून आधी एवढं सांगा, लघवीसाठी आधीपासून कुठली गोळी चालू आहे का? टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत बऱ्याचदा ड्युटास्टेराइड असतं. ते किंवा फिनास्टेराइड सहा महिन्यांच्या वर घेतलं असेल तर पीएसए साधारण निम्म्यावर येतो.

रावपुरा_विभा
आत्ताच डबा काढून पाहिला. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. दोनेक वर्षांपासून घेताहेत. फाइलमध्ये याचा उल्लेखच नाही, आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं.

निवृत्त_फार्मासिस्ट
मग ७.८ हा आकडा दुप्पट करून १५ च्या आसपास धरावा लागेल. गोळीचं पाकीट घेऊन दोन्ही डॉक्टरांना दाखवा. ३+४ मुळे हे मध्यम धोक्याच्या गटात आहेतच, पण पीएसए १० च्या वर धरला तर त्याच गटातल्या जरा जास्त धोक्याच्या बाजूला जातात. 'काही करू नका' हा सल्ला ३+३ आणि कमी पीएसए असलेल्यांना चांगला लागू पडतो. त्यातही काहीच न करणं नसतं, दर सहा महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी अशी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची असते. यांच्या बाबतीत मला तो रस्ता पटत नाही. पाकीट पाहून डॉक्टर काय म्हणतात ते महत्त्वाचं.

अलकापुरी_आजोबा
वहिनी, मी पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर शेक घेतले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे घाबरून आठवड्यात निर्णय घेऊ नका. या टप्प्यावर दोन-चार आठवडे विचारात गेले तर सहसा काही बिघडत नाही. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. ५० ते ६९ वयाच्या १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत विभागलं : ऑपरेशन, शेक, नुसती देखरेख. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. या कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपास. फरक पडला तो आजार शरीरात पसरण्यात : देखरेखीत शंभरात नऊ, उरलेल्या दोन्हींत पाच. त्यातले बरेच जण कमी धोक्याचे होते आणि वयानेही यांच्यापेक्षा लहान होते, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नका. पण ऑपरेशन आणि शेक यांच्यात जगण्यावाचण्याचा मोठा फरक दिसला नाही, हे मला निर्णय घेताना फार उपयोगी पडलं. मग प्रश्न उरतो कुठला त्रास सोसवेल एवढाच. ऑपरेशननंतर लघवी गळते, काहींची कायम. शेकानंतर लघवीची घाई आणि शौचाच्या तक्रारी, कधी शौचातून रक्त. पुरुषपणावर परिणाम दोन्हींत होतो. हे बोलायला लाजू नका, नवराबायकोने मिळूनच ऐकायचं असतं.

यांचा स्टेंट आणि वय पाहता माझा कल शेकाकडे आहे. पूर्वी सात-आठ आठवडे चालायचे, आता साधारण वीस शेकांत, चार आठवड्यांत होतं. काही ठिकाणी पाचच शेकही देतात. त्रास यंत्राचा नाही, मूत्राशयाचा. दर वेळी ते सारखंच भरलेलं हवं आणि आतडं रिकामं. मी टेबलावर आडवा झालो, स्कॅन झालं आणि तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "काका, पाणी कमी पडलं, उतरा." बाहेर बाकावर बसून पुन्हा ग्लासभर पाणी, पुन्हा वाट पाहणं. पलीकडे तीन जण असेच घड्याळाकडे बघत बसलेले. गॅस झाला तरी उतरवतात, म्हणून त्या महिन्यात वाल, चणे, उंधियु बंद. इसबगोल चालू करायचं असलं तर डॉक्टरांना विचारूनच.

आणखी एक, जो आपल्याकडे कुणी आधी सांगत नाही. मध्यम धोक्याच्या वरच्या बाजूला असाल तर शेकाबरोबर चार-सहा महिने पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं देतात. त्याने अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, शुगर वाढू शकते. हृदयरोग्याला ती द्यायची का, कुठली द्यायची, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणंदचा_नीलेश
माझ्या बाबांनी ऑपरेशन केलं, ६६ व्या वर्षी. त्यांची प्रोस्टेटची ग्रंथी फार मोठी होती, लघवी अडकून दोनदा नळी घालावी लागली होती, म्हणून काढून टाकणंच बरं पडलं. नंतर दहाएक दिवस नळी, मग काही महिने पॅड. फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या आधीपासूनच ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले होते, त्याचा खूप फायदा झाला. काकांना लघवीचा त्रास आहे म्हणता, तर ग्रंथी किती ग्रॅमची आहे आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते हे विचारा. ऑपरेशनचा दुसरा फायदा, नंतर पीएसए वाढला तर शेक देता येतात. आधी शेक, मग ऑपरेशन, हे फार अवघड असतं.

रावपुरा_विभा
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप धीर आला. दुसरं मत कुठे घ्यावं?

निवृत्त_फार्मासिस्ट
जवळचं म्हणजे नडियादचं मूळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल, किंवा अहमदाबादला गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. मुलगा आला तर मुंबईला परळचं टाटाही आहेच. नुसती फाइल नेऊ नका. लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून घ्या, ते देतात. ग्लीसन हे डोळ्यांनी पाहून दिलेलं मत असतं, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला ३+४ चं ४+३ (म्हणजे जास्त आक्रमक पेशींचं प्रमाण अधिक) दिसलं तर बेरीज सातच राहते पण उपचार बदलतात. आणि रक्त पातळ करायची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. शेक घ्यायचे ठरले तरी ती चालू असल्याचं सांगा, शौचातून रक्त जाण्याची शक्यता तिने वाढते.

अलकापुरी_आजोबा
वहिनी, खर्चासाठी सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ७० च्या वरच्या सर्वांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. आधार लागतं. मात्र हॉस्पिटल योजनेत आहे एवढं ऐकून थांबू नका, हाच उपचार त्या कार्डावर तिथे होतो का हे आयुष्मानच्या काउंटरवर स्पष्ट विचारा.

रावपुरा_विभा
कार्ड नाही काढलेलं, उद्याच यांचं आधार घेऊन जाते. लॅबला आत्ता फोन केला होता, स्लाइड आणि ब्लॉक शुक्रवारी देतील. सोमवारी नडियादची अपॉइंटमेंट मागते, यांनाही सोबत बसवून सगळं विचारते. गोळीचं पाकीट पर्समध्ये ठेवलंय.