१९६६ ची एमजीबी: मूळचे भाग कसे ओळखू, आणि नागपुरात कोणाला दाखवू?

काटोलरोडकर
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या मामांची १९६६ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघडी, दोन सीटांची, गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. मामांनी ती आसामच्या चहाबागेतल्या एका मॅनेजरकडून घेतली होती. शेवटची चौदा वर्षं ती कामठी रोडच्या घरी ताडपत्रीखाली उभी होती.

गाडी सुरू होते, चालतेही. पण टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हलत नाही. वीसेक मिनिटं चालली की मागच्या पेट्रोल पंपाची टकटक बंद पडते आणि गाडी उभी राहते. मे महिन्यात भर दुपारी व्हरायटी चौकात असंच झालं, दोन रिक्षावाल्यांनी ढकलून सावलीत घेतली. न्यूट्रलला इंजिन झटके मारतं, काळा धूर सोडतं.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं की दोन्ही कार्बोरेटर काढून एक नवा बसवू, डायनॅमो काढून मारुतीचा अल्टरनेटर टाकू, सगळं वायरिंग नवं करू. दीड लाख सांगितले. माझं मन धजत नाही. यातलं मूळचं काय आणि मामांच्या काळात बदललेलं काय, हेच मला कळत नाही. कोणी मार्ग दाखवेल का?

इतवारीची लेक
भाऊ, काहीही करायच्या आधी एक बघा. सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील. बॉडीला कोणती तार गेली आहे, प्लस की मायनस? १९६६ ची एमजीबी कारखान्यातून प्लस अर्थची निघाली. माझ्या वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम होतं, आणि अशा गाड्यांचे अर्धे बिघाड कोणीतरी मधेच अर्थ उलटा केल्याने झालेले असत. बघून सांगा, तोवर चार्जर लावू नका.

काटोलरोडकर
ताई, बघितलं. बॅटरी एकच आहे, बारा व्होल्टची, आणि बॉडीला मायनस गेली आहे. दुसरी पेटी रिकामी.

इतवारीची लेक
मग तुमचा टॅकोमीटर बहुतेक बिघडलेलाच नाही. त्या वर्षीचा स्मिथ्स कंपनीचा मीटर इग्निशनच्या पांढऱ्या तारेतून जाणारा करंट ओळखून चालतो. मीटरच्या पाठीमागे त्या तारेचा एक वेढा दिसेल. अर्थ उलटा केला की वेढ्याची दिशाही उलटी करावी लागते आणि मीटरच्या आतलं प्लस-मायनस बदलावं लागतं. तुमच्याकडे बॅटरी फिरवली आणि मीटर तसाच राहिला, असं दिसतं. मीटर फेकू नका, आणि नवा घेऊ नका. घड्याळ आणि मीटरचं बारीक काम करणाऱ्या माणसाकडे द्या, दोन सोल्डरचं काम आहे.

अर्थ परत प्लस करायचा की आहे तसाच ठेवायचा, हा तुमचा निर्णय. मी असते तर मायनसच ठेवला असता, कारण उद्या कोणी नवखा जंपर लावेल आणि डायनॅमो जाळेल. पण मग बॉनेटखाली ठळक लिहून ठेवा.

आणि फ्यूजची पेटी उघडा. दोनच काचेचे फ्यूज असतील.

काटोलरोडकर
उघडली. एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळली आहे, काळी पडली आहे.

इतवारीची लेक
ती आजच काढा. कागदपत्रात ३५ अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून लोक हल्लीचा ३५ चा फ्यूज घालतात, तेही चूक. लुकास या मूळ कंपनीच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा फ्यूज उडण्याचा आहे, सतत तो १७ अँपिअरच झेलतो. हल्लीचा ३५ वाला त्याच्या दुपटीने करंट जाऊ देतो, तार आधी जळते आणि फ्यूज नंतर उडतो.

तेलकट हात
ताईंनी वीज सांगितली, मी बाकीचं सांगतो. माझ्याकडे बावीस वर्षांपासून १९६५ ची आहे, हिंगणा रोडला.

मूळचे भाग ओळखायला आधी डोळे लागतात आणि एक चुंबक. चुंबक बॉनेटला लावा. चिकटला नाही तर बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, म्हणजे त्या काळातलं. चिकटला तर कधीतरी धडक बसून नंतरच्या गाडीचं लोखंडी बॉनेट आलं. मग तोच चुंबक दारांच्या खाली, सिलवर फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे पुट्टी भरलेली आहे.

बॉनेटखालच्या पाटीवर चेसिस नंबर जीएचएन३ ने सुरू व्हायला हवा. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकार, एन म्हणजे दोन सीटांची उघडी. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, रिव्हेट केलेल्या पट्टीवर. तुमच्या वर्षाला १८जीबी हवा, पाच मेन बेअरिंगचं १७९८ सीसीचं इंजिन. पाटी कोरी करकरीत आणि रिव्हेट नवे दिसले तर शंका घ्या.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, बॉडीवर घासलेटात भिजवलेलं फडकं फिरवा. लुकास २५डी४ असं दिसेल, बाजूला पाच आकडी नंबर, आणि खाली लहान आकडे, समजा १५ ६६. म्हणजे १९६६ च्या पंधराव्या आठवड्यात बनलेला. डायनॅमोवरही असाच ठसा असतो. गाडी बनली त्याच्या काही आठवडे आधीची तारीख निघाली की समजा, तो भाग गाडीबरोबरच जन्माला आला. माझ्या डिस्ट्रिब्यूटरवरचा काळा थर निघून ते आकडे वर आले, तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवले होते.

मागचा ॲक्सलही बघा. उघड्या गाडीला १९६७ पर्यंत बँजो ॲक्सल होता, पाठीमागून गुळगुळीत गोल. मागे बोल्टचं झाकण असेल तर ॲक्सल नंतरचा.

खात्री हवी तर इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. चेसिस नंबर कळवून फी भरली की कारखान्याच्या नोंदवहीवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतात. मूळ रंग, इंजिन नंबर, बनल्याची तारीख, सगळं येतं.

कार्बोरेटर अजिबात देऊ नका. एसयू कंपनीचे जुळे एचएस४ कार्बोरेटर हेच या गाडीचं आहे. बाजूच्या फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोलच्या वाटीच्या, झाकणाच्या स्क्रूखाली छोटी धातूची पट्टी असेल, एयूडी आणि नंबर, ती हरवू देऊ नका. एका वेळी एकच कार्बोरेटर उघडा, कारण वरची घंटीसारखी टोपी आणि आतला पिस्टन यांची जोडी ठरलेली असते, अदलाबदल झाली की पिस्टन अडकतो. साफ करून बसवल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली टक्कन आवाज यायला हवा. वरच्या डँपरमध्ये २० ग्रेडचं तेल घाला.

मग इंजिन गरम करून पिस्टन अगदी थोडा, पाऊण मिलिमीटर, उचला. आवाज वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन लगेच बसायला लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. काळा धूर असल्याने तुमचं जास्तच निघेल. जेटचा नट एकेक कड फिरवा, घाई नको. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची, म्हणजे करंट तोडणाऱ्या टोकांची, फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगची ०.६ च्या आसपास, हे त्याआधी करून घ्या, नाहीतर कार्बोरेटरला उगाच दोष लागतो.

काटोलरोडकर
दादा, हात जोडतो. बॉनेटला चुंबक चिकटला नाही! डिस्ट्रिब्यूटरवर ११ ६६ निघालं. आता फक्त पंप. उन्हाने पेट्रोलची वाफ होते का?

तेलकट हात
आपल्याकडे ४५ च्या वर पारा गेला की वाफ होतेच, पण वाफेने पंप गप्प बसत नाही. उलट हवा खेचत जोरात टकटकतो. तुमचा गप्प होतो, म्हणजे पंपाच्या आतले पॉइंट किंवा त्याचा अर्थ. बंद पडला की उजव्या मागच्या चाकापुढे हात घालून पंपावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. सुरू झाला तर पॉइंट काळे पडलेत. झाकण काढून पॉइंटमध्ये जाड कागदाची पट्टी ओढा, पॉलिश पेपर नको. काळी अर्थची तार बॉडीला जिथे लागते तिथला गंज खरडा. मग कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून मोजा, मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त यायला हवं. पेट्रोल उघड्यावर आहे, इंजिन गार असताना मोकळ्यावरच करा.

आणि सगळ्या रबरी नळ्या बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि भेगाळतं. आर९ दर्जाची नळी मागा.

वर्धा रोड ६८
माझं मत थोडं वेगळं. रोज चालवणार असाल तर पॉइंटऐवजी आतून बसणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्या. बाहेरून काही दिसत नाही, पुन्हा काढताही येते.

तेलकट हात
मान्य, फक्त जुने पॉइंट डबीत ठेवा. आणि अर्थ मायनस असल्याचं सांगूनच मागवा, दोन्ही अर्थांचे संच वेगळे असतात.

काटोलरोडकर
आणि कागदपत्रं? जुना नंबर जाईल का?

वर्धा रोड ६८
नाही. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राहतो, नव्याने नोंदणाऱ्यांना व्हीए मालिका मिळते. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. आणि व्हिंटेज म्हणून नोंदली की रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. हे ठरवून मगच अर्ज करा.

इतवारीची लेक
नट-बोल्टचं कोणी सांगितलं नाही. या गाडीला यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे, आटे आहेत. ५/१६ चा बोल्ट आणि आपला ८ मिलिमीटरचा जवळजवळ सारखेच दिसतात, पण आट्यांचं अंतर वेगळं. पोरगा जोर लावून बसवतो आणि ब्लॉकमधले आटे जातात. गॅरेजला गाडी देताना इंची पान्यांचा संच आहे का, हे आधी विचारा.

तेलकट हात
अगदी. एसयूचे जेट, सुया, वायसर इंग्लंडात सॉल्झबरीच्या बर्लेनकडे अजून नवे बनतात, कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. लेथचं काम हिंगणा एमआयडीसीत होईल, नमुना हातात घेऊन जा.

काटोलरोडकर
पंपावर काल ठोकलं, लगेच टकटक सुरू झाली. पॉइंट साफ केले, अर्थची तार खरडली. आज फुटाळ्यापर्यंत जाऊन आलो, पाऊण तास, कुठेही थांबली नाही. टॅकोमीटर काढून ठेवला आहे. ताई, सोल्डरच्या वेळी तुम्हाला फोटो पाठवला तर चालेल का?

इतवारीची लेक
चालेल न. तारांच्या रंगांचा फोटो आधी काढा, मग तार सोडवा.

तेलकट हात
रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आधी, गाडी घेऊन माझ्याकडे या. कार्बोरेटर सोबत बसून लावू. घंट्यांवर आधी खडूने १ आणि २ लिहून आणा.