कारल्याची भाजी गूळ-चिंच न घालता कशी करायची? मदत हवी आहे

मीरा_नौपाडा: वैद्यांनी सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा कडू भाजी सांगितली आहे. गूळ, साखर, चिंच बंद. आज तिसऱ्यांदा कारलं केलं. चकत्या उकडून पाणी फेकलं, तरी कडूजहर. दोन घास खाऊन त्यांनी ताट सारलं. बघावी त्या कृतीत गूळ आहेच. बुधवारी परत करायची आहे, कोणीतरी नीट सांगा.

खमंग_वाशी: उकडू नका, लगदा होतो. बिया काढा, पातळ काप करा, मीठ-हळद चोळून अर्धा तास ठेवा आणि घट्ट पिळा. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात.

मीरा_नौपाडा: त्यांना मीठ जास्त चालत नाही.

ऐरोलीकर: मग हे आधी सांगायला हवं होतं ना! बीपी आहे का? वय काय? साखरेची गोळी चालू आहे?

मीरा_नौपाडा: ७४. बीपी आहे, साखरेची गोळीही आहे. पण प्रश्न भाजीचा आहे.

निरोगी_घोडबंदर: भाजीच्या भानगडीत पडूच नका. रोज सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस द्या. मी दोन वर्षं घेतोय.

ऐरोलीकर: अहो, गोळी चालू असताना उपाशीपोटी रस दिला आणि साखर खाली गेली म्हणजे? डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

अनघा_नेरूळ: पिळायचं तरी कशाला? सगळा गुण पाण्यात जातो. कडू आहे म्हणूनच औषध आहे.

शाकवर्ग: चरकसंहितेत सूत्रस्थानाचा २७वा अध्याय उघडा. तिथे कितीतरी शाकभाज्या उकडून, पिळून, वर भरपूर स्नेह, म्हणजे तेल-तूप, घालून खायला सांगितल्या आहेत. पिळणं शास्त्राविरुद्ध नाही.

अनघा_नेरूळ: ते पालेभाज्यांचं. कारलं फळभाजी आहे.

शाकवर्ग: मान्य. पण स्नेहाचं तत्त्व कारल्यालाही लागू आहे. कडू रस पित्त आणि कफ कमी करतो, पण तो रूक्ष असल्याने वात वाढवतो. मीराताई, तेल किती घालता? आणि ही भाजी खाल्ल्यावर त्यांचं पोट कसं असतं?

मीरा_नौपाडा: नॉनस्टिकवर चमचाभर तेल. पोट फुगतं म्हणतात, सकाळी साफही होत नाही. मला वाटलं वयामुळे.

शाकवर्ग: तेल कमी करायला वैद्यांनी सांगितलं होतं?

मीरा_नौपाडा: नाही. हृदयाला बरं म्हणून मीच कमी केलं.

शाकवर्ग: मग गूळ गेला, चिंच गेली, तेलही गेलं. उरलं नुसतं कोरडं कडू. तूप किती चालेल ते वैद्यांना फोन करून विचारा. तोवर असं करा: काप अर्धा तास ताकात बुडवून ठेवा, पिळून कोरडे करा. लोखंडी कढईत तेलावर जिरं, हिंग, चिमूटभर ओवा. काप मंद आचेवर, झाकण न ठेवता, कडा तपकिरी होईपर्यंत परता. झाकणाखाली वाफ धरली की काप ओलसर, गिळगिळीत राहतात. शेवटी धणे-जिरेपूड, भाजलेल्या तिळाचा कूट, ओलं खोबरं. मीठ नेहमीच्या निम्मं. आणि फक्त गरम वाढा.

खमंग_वाशी: दोन आमसुलं टाका, चव उचलून धरतात.

अनघा_नेरूळ: आंबट बंद म्हटलंय ना वैद्यांनी!

खमंग_वाशी: चिंच बंद म्हटलंय. आमसूल आणि चिंच एक नव्हे.

मीरा_नौपाडा: भांडू नका, तेही त्यांनाच विचारते.

येऊर_पायथा: कारलंच हवं असा हट्ट आहे का? पावसाळ्यात येऊरच्या बायका टोपलीत कर्टोली आणतात, ती कारल्याच्याच कुळातली आणि फारशी कडू नसतात. शेवळं ही रानभाजीही आणतात, पण ती काकडांशिवाय (काकड नावाच्या आंबट रानफळांशिवाय) शिजवू नका, घसा खाजतो.

ऐरोलीकर: कर्टोली आमच्याकडे दिसतच नाहीत हो. वाशीच्या मार्केटात येतात का?

मीरा_नौपाडा: आज तसंच केलं. वैद्यांनी तुपाला हो म्हटलं, जेवताना भाजीवर एक चमचा. आमसूल नको म्हणाले. कडू लागलीच, पण कुरकुरीत काप त्यांनी भाकरीबरोबर संपवले. पोटाचं दोन-तीन वेळा खाऊन झाल्यावरच कळेल. येऊर_पायथा, त्या बायका जांभळी नाक्याला बसतात की गावदेवीला?