मदत हवी आहे: जुनी रेड वाइन आणि मालवणी मटण, जमेल का?

मंडळी, येत्या रविवारी भावोजी आमच्याकडे वेंगुर्ल्याला जेवायला येतायत. त्यांनीच मागे फ्रान्सहून आणलेली २०१० ची बोर्दो, म्हणजे तिथल्या बोर्दो भागातली रेड वाइन, कपाटात आडवी पडून आहे. कॅबरने सोव्हिन्यों आणि मर्लो या द्राक्षांच्या जातींचं मिश्रण. बांगड्याचं तिखलं बाद, कारण माशाबरोबर रेड वाइन तोंडात लोखंडासारखी लागते. उरलं मटण. पण आईचं मटण म्हणजे भाजलेलं खोबरं, सढळ हाताने मिरची आणि वर तेलाचा लालभडक तवंग. त्यात जुन्या वाइनचा नाजूक वास कुठे टिकायचा? मिरची कमी कर म्हणायची माझी तरी छाती नाही! त्यापेक्षा काळी मिरी घालून सुकं करायला सांगू का? सोबत वडे की घावणे?

दुसरं, बाटलीत गाळ दिसतोय. शनिवारीच उभी करून ठेवेन, म्हणजे तळाला बसेल. पण एवढ्या जुन्या वाइनला जगमध्ये ओतून तासभर हवा द्यावी, की ओतल्याबरोबर प्यावी? इथल्या उकाड्यात १६-१८ अंशांवर आणायला फ्रिजमध्ये किती वेळ ठेवू? आणि बूच आत तुटलंच, तर चहाची गाळणी चालेल ना?