ब्युरोच्या मावशींना हे शिकवायचं कसं?

मुक्ता_पुणे: आजी ८६ ची, डिमेन्शिया आहे, मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणालाच खिळलीय. नर्सिंग ब्युरोकडून आजीचं सगळं करायला दिवसा बारा तास मावशी येतात. कामाला चोख हो, स्पंजिंग, डायपर, औषधं सगळं वेळेवर, पण करतात ते फर्निचर पुसल्यासारखं. दार सताड उघडं आणि डायपर बदलणं चालू. भरवतात उभ्यानेच, पहिला घास गिळला नाही तोवर दुसरा चमचा ओठाशी. वर आजीसमोरच मला म्हणतात "लई हट्टी हाय म्हातारी". आजी तोंड फिरवते. बोलावं तर उद्यापासून यायच्या बंद. हे कोणी शिकवतं का, की मुळात स्वभावच लागतो?

वरणभात: शिकवता येतं. मी जनरल ड्युटी असिस्टंटच्या, म्हणजे पेशंटचं रोजचं सगळं करणाऱ्या मदतनीसांच्या, बॅच घेते. सुरुवातीला पुस्तक उघडतच नाही, जोड्या लावते, एकीच्या डोळ्यांवर ओढणी, हात मांडीखाली, दुसरीने एक शब्द न बोलता वरणभात भरवायचा. तिसऱ्या घासाला "अगं थांब की!" येतंच. तुम्ही मावशींना बसायला काहीतरी द्या, आजीच्या डोळ्यांसमोर येतील असं. आजीला नीट टेकून बसवायचं, घास गिळल्यावरच पुढचा, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. घाईत अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो हे कारण सांगा, म्हणजे टोमणा वाटत नाही. दर दोन तासांनी कूस बदलतानाही आधी "आजी, आता भिंतीकडे वळवते हं" म्हणायचं, न सांगता ओढलं की ती घाबरते आणि मग आपण तिला हट्टी म्हणतो.

लेस्टरकर: मी इथे केअर होममध्ये आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नवीन असिस्टंटसाठी केअर सर्टिफिकेट आहे, त्यात पेशंटचा खासगीपणा आणि मान राखणं हा वेगळा धडाच आहे. पण मला खरं भिडलं ते डॉ. केट ग्रेंजरचं. स्वतः वृद्धांची डॉक्टर, कॅन्सर झाला, २०१३ ला ॲडमिट असताना तिच्या लक्षात आलं की येणारे जाणारे स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत. त्यातून "हॅलो, माय नेम इज" ही मोहीम निघाली. २०१६ ला गेली ती. आमच्याकडच्या एका गुजराती बांना मी रोज सकाळी नाव सांगते, त्या रोज नव्याने विचारतात कुठल्या गावची.

जुनाकोथरूडकर: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मावशी बारा तासांत बसतात कधी, जेवतात कुठे? ब्युरो कमिशन कापून हातात किती ठेवतो? आईच्या वेळी आमच्या मावशी जिन्यात बसून डबा खायच्या, मला महिन्याने कळलं.

मुक्ता_पुणे: राग कसला, मी विचारलंच नव्हतं कधी. ओट्याजवळ उभ्यानेच उरकतात म्हणे. आज आमच्याबरोबर टेबलावर बसवलं, आधी नकोच म्हणत होत्या. आजीच्या पलंगाशी स्टूल ठेवलंय, त्यावर बसून भरवलं, भात जास्त गेला की मलाच तसं वाटतंय काय माहीत. दार अजून उघडंच असतं, शनिवारी पडदा लावून घेते.